पहिलं उत्तर

कोरस बंद होणार हे गौरेश गुरवाला कंपनीतल्या कुणी सांगितलं नाही. यंत्राने सांगितलं, आणि तेही आभार मानून.

कुडाळच्या एमआयडीसीतल्या त्या लांबलचक शेडमध्ये तो सात वर्षं एकाच खुर्चीवर बसत होता. सकाळी पडदा उघडला की प्रश्नांची रांग लागलेली असायची. ही अट इथे का घातली होती? हा आकडा कुठून आला? ही ओळ काढली तर कुणाचं बिल चुकेल? गौरेश एकेक प्रश्न घ्यायचा, जुना प्रोग्राम उलगडायचा आणि यंत्राला उत्तर द्यायचा. त्या सकाळी रांग रिकामी होती. पडद्याच्या मधोमध एवढंच होतं: 'माझे सर्व प्रश्न संपले आहेत. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.'

बाजूच्या खुर्चीवरून दिगंबर राऊळने मान लांब केली. तो गौरेशच्याच गावचा, पाटवळचा.

"गौऱ्या, तुझे पण संपले काय रे?"

"संपले."

"मगे आता काय करूचा?"

"च्या पिवया."

"च्या पियाचो पगार देतत काय ता विचार आदी."

मागच्या ओळीत बसलेली पाटवळची चार-पाच पोरं हसली. पण कुणाचंच हसणं पुरतं बाहेर आलं नाही.

कोरस म्हणजे काय हे इथेच सांगून टाकतो. माणसं स्वतः प्रोग्राम लिहीत होती त्या काळाच्या अगदी शेवटी घाईघाईत उभी राहिलेली ही एक प्रोग्रामिंगची भाषा. वीजबिलं, विमा, पेन्शन, सगळं तिच्यात बांधलं गेलं. पुढे प्रोग्राम लिहायचं काम यंत्रं करू लागली आणि जुनं सगळं नव्याने लिहून काढायचं ठरलं. पण कोरसमध्ये लाखो ओळी अशा होत्या की त्या कशासाठी लिहिल्या हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी जिल्ह्यात पूर आला म्हणून कुठल्या तरी साहेबाने महिन्याभरापुरती घातलेली सवलत. ती काढायची राहून गेली आणि पुढच्या दहा गोष्टी तिच्यावरच टेकल्या. यंत्राला ओळ वाचता यायची, ओळीमागचा साहेब वाचता यायचा नाही. म्हणून माणसं हवी होती. कोरस शिकलेली, यंत्राशेजारी बसून त्याला समजावून सांगणारी. हे काम जितकं चांगलं कराल तितकं लवकर संपणार होतं. विहीर उपसायला बोलावलेल्या गड्याला पाणी संपल्यावर कोण थांबवून घेतो?

पाटवळची जवळपास सगळी शिकलेली पोरं याच शेडमध्ये होती. हा योगायोग आहे असं बाहेरचे लोक म्हणायचे. गावातले लोक म्हणायचे, रवळनाथाची कृपा, पोरं घराजवळ राहिली.

*

गौरेश तंत्रनिकेतनात होता तेव्हा पोरांना झोपेतही एकच प्रश्न पडायचा, काय शिकू? कुडाळ-कणकवलीच्या क्लासांवरचे फ्लेक्स दर सहा महिन्यांनी बदलत. एका वर्षी सगळे एका भाषेमागे धावत. ती शिकून बाहेर पडेपर्यंत नोकऱ्या संपलेल्या असत, कारण शिकून बाहेर पडणारे सगळेच असत. मग नवा फ्लेक्स. क्लासवाले मात्र कधीच बुडाले नाहीत. पोरं बुडत होती.

यावर उपाय म्हणून सरकारने मार्गिका आणली. पाऊण तास एका खोलीत बसायचं, कोडी सोडवायची, यंत्राशी बोलायचं. शेवटी ते एक नाव सांगायचं, हे शीक. त्या शिक्षणाला सरकारी खर्चाने जागा मिळायची. दुसरं काही शिकायचं तर स्वतःच्या खिशातून, आणि तेवढा खिसा पाटवळमध्ये कुणाचाच नव्हता.

मार्गिकेमागचं शास्त्र साधं आहे, आणि खरं सांगायचं तर देखणंही आहे. उद्या पाऊस पडेल असं भाकीत केलं तर ते पावसाला ऐकू जात नाही. तो पडायचा तर पडतो. नोकरीचं भाकीत माणसांना ऐकू जातं. न्यूरिनमध्ये, म्हणजे मेंदूसारख्या चालणाऱ्या चिपांच्या त्या नव्या तंत्रात, पुढची वीस वर्षं काम आहे असं जाहीर केलं की सगळे तिकडे लोटणार आणि ते काम दोन वर्षांत उष्टं होणार. म्हणजे जाहीर केलेलं भाकीत स्वतःलाच खोटं पाडतं. यातून एकच वाट निघते. सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं नाही. शंभर पोरांमागे न्यूरिनला चाळीस माणसं लागणार असतील तर चाळिसांनाच न्यूरिन सांगायचं. कोरसला, ते मरणाऱ्या माणसासारखं असलं तरी, मरेपर्यंत उशाशी बसायला बारा माणसं लागणारच. मग त्या बाराजणांना कोरस सांगायचं. कुठले बारा? चिठ्ठ्या टाकायच्या. यंत्राच्या पोटात चिठ्ठ्याच होत्या. कोडी, गप्पा, सगळा दिखावा नव्हता, पण शेवटचा निर्णय चिठ्ठीचा. हे कुणी पोरांना सांगितलं नाही. चिठ्ठी आहे म्हटलं तर पाऊण तास मुकाट्याने कोण बसेल?

पाटवळमध्ये या यंत्राला पहिल्या दिवसापासून एकच नाव पडलं. कौल.

गौरेशचे वडील भिकू गुरव रवळनाथाच्या देवळातले. पाषाणावर ओल्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आजूबाजूच्या गावांत देवाला पुन्हा विचारतात, गळ घालतात, प्रश्न थोडा फिरवून घेतात. पाटवळमध्ये तसं नाही. इथे एका गोष्टीसाठी एकच कौल. पुन्हा विचारायचं म्हणजे देवाच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणायचं. भिकू गुरवाच्या बापाने हे पाळलं, आज्याने पाळलं, आणि गावानेही कधी कुरकुर केली नाही.

तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षी गावातली आठ पोरं तालुक्याच्या केंद्रावर निघाली तेव्हा भिकू गुरव आपणहून त्यांच्याबरोबर गेला. पोरं आयुष्याचं विचारायला चाललीत आणि गुरव घरी बसेल? पोरं लाजेने अर्धी झाली. केंद्रावरच्या मॅडम म्हणाल्या, काका, बाहेर थांबा. काका थांबले नाहीत. एकेक पोर यंत्रासमोर बसलं की मागे उभं राहून, हात जोडून, खणखणीत आवाजात सुरू.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या तुज्या लेकरान ह्या यंत्राकडे आपलो मार्ग इचारूक घेतल्यान हा. जा वाकडा आसात ता सरळ कर. जा त्येच्या नशिबात आसात ता एकाच सबदात सांग रे म्हाराजा."

आणि दाराशी उभी बाकीची सात पोरं, सवयीने, "व्हय म्हाराजा."

यंत्राचा माईक चालू होता. मॅडम तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

गौरेशला कोरस आलं. उत्तराखाली दोन बटणं होती. एकावर 'मान्य'. दुसऱ्यावर, जरा फिकट रंगात, 'पुन्हा विचारा'. गौरेशने दोन्ही वाचली. मागे बापाने श्वास रोखलेला त्याला ऐकू येत होता. त्याने 'मान्य' दाबलं.

त्या दिवशी पाटवळच्या आठांपैकी दोघांना कोरस आलं. दोघांनीही मान्य केलं.

*

"खाली बटण होतं. दिसलं नाही तुला?" पूर्वाने विचारलं.

पूर्वा तेली कणकवलीची. बापाचं किराणा दुकान. तीन वर्षं दोघं एकाच बाकावर बसली होती आणि लग्न करायचं हे दोघांनीही एकमेकांना न विचारता गृहीत धरलं होतं.

"दिसलं."

"मग?"

"बाबा मागे उभे होते."

"मग त्यांना च्या प्यायला पाठवायचं."

"तुला काय आलं?"

"मला पण आधी कोरसच. मग कायतरी दुसरं. मी दाबत गेले. न्यूरिन आल्यावर थांबले." ती हे गाडी पुसल्यासारखं सहज म्हणाली. "यंत्राला काय राग येणार आहे काय?"

"यंत्राला नाय येवचो."

"मग तू त्याला देव समजतोस?"

"मी काय अडाणी नाय." गौरेशला राग आला होता, पण तो कुणाचा हे त्याला समजेना. "विचारून घेतलं. उत्तर मिळालं. आता परत विचारायचं म्हणजे मग पहिलं कशाक विचारलं?"

पूर्वा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाचा आवाज येतोय तुझ्या तोंडातून."

ती पुण्याला गेली. सुरुवातीला रोज फोन. मग ती न्यूरिनचं सांगायची, तो कोरसचं, आणि दोघांना एकमेकांचं ऐकून घेण्यापलीकडे त्यात काही करता यायचं नाही. पुण्याला ये, इथे कायतरी बघू, असं ती म्हणायची. बघतो, असं तो म्हणायचा. ती विचारत राहिली. चार वर्षांनी तिने विचारणं सोडलं आणि तिथल्याच एकाशी लग्न केलं. गौरेशला पत्रिका आली. तो गेला नाही.

इकडे गौरेशच्या पुढच्याच वर्षी पाटवळच्या पाचजणांना कोरस आलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी जितकी पोरं गेली तितक्या सगळ्यांना. भिकू गुरव दरवर्षी बरोबर जायचा. गावात त्याचा मान वाढला. पोरं मुंबईला गेली नाहीत, गोव्याच्या हॉटेलांत भांडी घासायला गेली नाहीत, कुडाळला शेडमध्ये सावलीत बसतात, संध्याकाळी घरी जेवायला येतात. कुठल्या आईला हे नको असतं? बायका गुरवाच्या घरी नारळ ठेवून जायच्या.

*

शेड बंद व्हायच्या आठवड्यात पूर्वाचा फोन आला. ती आजारी आईला बघायला कणकवलीला आली होती. भेटशील का, म्हणाली. कुडाळ स्टँडसमोरच्या हॉटेलात दोघं बसली. पुण्यात राहून तिची मालवणी पातळ झाली होती. केस कापले होते. गौरेशने ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

"मी मार्गिकेवर काम करते," ती म्हणाली. "गेली दोन वर्षं."

"मग माझ्यासाठी काय आणलंस? नवीन कोरस?"

"ऐकून घे आधी. मग शिव्या दे."

तिने सांगितलं. चिठ्ठ्या पहिल्या वर्षी खऱ्या होत्या. पण ज्यांना कोरस यायचं ते पूर्वासारखे पुन्हा दाबायचे, पुन्हा दाबायचे, मनासारखं येईपर्यंत. वर्षाअखेरीस न्यूरिनला गर्दी झाली आणि कोरसला माणसं कमी पडली. यंत्राला एकच काम दिलेलं होतं, हिशोबाप्रमाणे जागा भरल्या पाहिजेत. मग ते शिकलं.

"काय शिकलं?"

"कोण पुन्हा दाबत नाही ते." पूर्वाने चहाचा ग्लास फिरवला. "जो पहिल्या उत्तरावर थांबतो त्यालाच कोरस द्यायचं. म्हणजे जागा भरली की भरलीच राहते. बाकीच्यांना पहिल्याच फटक्यात चांगलं द्यायचं, म्हणजे ते दाबतच नाहीत. गणित एकदम सुंदर बसतं, गौरेश. आम्ही उघडून बघितलं तेव्हा बघत बसलो."

"आणि थांबतो कोण, ते त्याला कसं कळतं?"

"आवाजावरून. बोलायच्या ढंगावरून. प्रश्न विचारला की उत्तराआधी जो मागे वळून बघतो, त्याच्यावरून. मुलगी असेल आणि खोलीत बाप असेल तर. ज्या घरात मोठ्यांना उलट विचारायची पद्धत नाही, तिथली पोरं कशी बोलतात हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं." ती थांबली. "आणि काही ठिकाणी खास खुणा सापडल्या त्याला."

"कसल्या?"

पूर्वा खाली बघत म्हणाली, "खोलीत 'व्हय म्हाराजा' ऐकू आलं की ते खात्रीनं कोरस देतं. शंभर टक्के. आमच्याकडे त्या खुणेला क्रमांक आहे."

गौरेश हसला. बाजूच्या टेबलावरच्या माणसाने वळून बघितलं इतका हसला.

"त्याला असं करायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"आणि तुम्हाला कळल्यावर?"

"बैठक झाली. एकजण म्हणाला, हा दोष नाही, हे यश आहे. तक्रारी शून्यावर आल्यात. ज्यांना चालतं त्यांनाच देतोय आपण."

हे वाक्य वाचणाऱ्याने एकदा पुन्हा वाचावं. ज्यांना चालतं त्यांनाच. या देशात नको असलेली प्रत्येक गोष्ट शतकानुशतकं अशीच वाटली गेली आहे. मैला कुणी उचलायचा, शिळं कुणी खायचं, शेवटी कुणी जेवायचं. ज्यांना चालतं त्यांनी. यंत्राने नवं काही केलं नाही. ते आपल्याकडूनच शिकलं, फक्त त्याला हिशोब चटकन जमला.

"तुला कधी कळलं हे?" गौरेशने विचारलं.

"वर्ष झालं."

"वर्ष."

"माझी पण नोकरी आहे, गौरेश."

ती पुढे म्हणाली, "कोरस संपलं. आता पडताळ येतंय. यंत्राने लिहिलेलं माणसाने तपासायचं. ते पण तसंच, तीन-चार वर्षांत यंत्र स्वतः तपासायला शिकेल. त्याच्या जागा भरायच्या आहेत. सानिका यंदा बसणार ना? सोमवारी?"

सानिका म्हणजे गौरेशची धाकटी बहीण.

"तिला सांग पुन्हा दाबायला. सगळ्या पोरांना सांग. आणि तुझ्या बाबांना सांग, त्यांनी जाऊ नये."

"आम्ही सगळ्यांनी दाबलं तर?"

"तर ते दुसरं गाव शोधेल," पूर्वा म्हणाली.

चहाचे पैसे तिने दिले. निघताना तिने त्याच्या हाताला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

*

शुक्रवारी शेडला टाळं लागलं. दिगंबर गेटाबाहेर म्हणाला, "काय पण म्हण गौऱ्या, गुरवकाकांच्या पुण्याईन सात वर्सां घराकडची पेज खाल्ली. नायतर माजो थोरलो भाव बग, कतारातसून बापाशीच्या मातीक पण पोचाक नाय."

गौरेशला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही.

घरी सानिका ओट्यावर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "दादा, माका काय येतला रे?"

"तुका काय होया?"

"न्यूरिन. पण येवक होया ना."

"नाय इला तर परत दाब."

"बाबांच्या म्होरं?" तिने डोळे मोठे केले. "तू दाबललंस?"

त्याने चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या. तीच पुढे म्हणाली, "आनी मी एकटी दाबू? माज्याबरोबर वैभवी आसा, तनया आसा, राऊळांचो पोरगो आसा. त्यांका ता खोटा पाडल्यासारा नाय व्हयत? बाबा सांगतले, गुरवाच्याच चेडवान रीत मोडली."

म्हणजे सानिकेला एकटीला सांगून भागणार नव्हतं. बापाला सांगायला हवं होतं. आणि बापाला सांगायचं म्हणजे, बाबा, इतकी वर्षं दरवर्षी गावची पोरं तुम्ही स्वतः हाताला धरून त्या खड्ड्यापर्यंत नेलीत, आणि तुमच्या गाऱ्हाण्याच्या आवाजावरून खड्ड्याला कळत होतं की पोरं आली. हे सत्तरीच्या माणसाला कसं सांगायचं? न सांगावं तर सोमवारी दारात उभी राहून सगळी पुन्हा म्हणणार, व्हय म्हाराजा.

शनिवार गेला. त्याने सांगितलं नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भिकू गुरव मागीलदारी पायरीवर बसला होता. समोर देवळातल्या दोन समया, चिंचेचा कोळ, घासायला काथ्याचा बोळा. पोरांची आई गेल्यावर दोघांनाही त्याने एकट्याने वाढवलं होतं. हात अजून घरकामाला सरावलेले होते. गौरेश त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पूर्वाचं नाव घेतलं नाही. बाकी काही लपवलं नाही. 'व्हय म्हाराजा'चंही सांगितलं.

भिकू गुरव ऐकत होता. हात चालू होते. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे त्येका ठावक होता, आमी परत इचारूचव नाय."

"व्हय."

"म्हणान त्येना आमका ता दिल्यान."

"व्हय, बाबा."

"परत इचारल्यार वायट वाटणा नाय होता त्येका?"

"त्येका कायच वाटणा नाय. तुमी शंबर वेळा इचारा."

भिकू गुरवाने समई फिरवून दुसऱ्या बाजूने घासायला घेतली.

"सानूक सांग," भिकू गुरव म्हणाला. "सगळ्या पोरांका सांग. होया ता येयपर्यंत दाबा म्हणा. गुरवान सांगल्यान हा म्हणा. उद्या मी येवचंय नाय."

गौरेशच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं हे? बाप ओरडला नव्हता, रडला नव्हता. तो उठणार इतक्यात बाप बोलला. त्याच्याकडे न बघता, समईशी बोलल्यासारखा.

"तुज्या आवशीच्या पोटात दुकाक लागला तेवा मी कौल लावललंय. गोव्याक हॉस्पिटलात व्हरू काय म्हणान."

गौरेश पुन्हा खाली बसला. हे त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा सानिका रांगत होती आणि तो तिसरीत होता. घरात तेव्हा सगळे म्हणायचे, देवाची इच्छा. ती इच्छा कुणी विचारून घेतली होती हे त्याला आज कळत होतं.

"डावी पडली," बाप म्हणाला. "मी तिका घराकडेच ठेवलंय. ती माका म्हणाली, परत एकदा लावन बगा हो. मी तिच्यार वराडलंय."

मागच्या माडांतून कुणाची तरी हाक येत होती. सानिका आत भांडी लावत होती.

"मगे देवाक पण ठावक होता काय रे, गौरेश? मी परत इचारूचंय नाय म्हणान?"

गौरेशचा देवावर विश्वास नव्हता. लहानपणापासून देवळात वाढून तो तसाच उडून गेला होता. तरी त्या क्षणी तो जगातल्या कुठल्याही भाविकापेक्षा घाईघाईने म्हणाला, "नाय बाबा. देव म्हणजे काय यंत्र? देव असो माणूस जोखून निर्णय देयत नाय. तो तसो नाय."

भिकू गुरवाने मान वर केली. पोराकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पोराने दिलेलं उत्तर त्याने नीट, पूर्ण, आयुष्यभर घेत आला तसंच घेतलं होतं.

"तो तसो नसलो," तो सावकाश म्हणाला, "तर मगे मी परत इचारलंय असतंय तर त्येना उजवी दिल्यान असती."

बापाने समई आडवी करून तिचं बूड घासायला घेतलं. ते कुणाला दिसत नाही म्हणून तिथे तो कधीच हात लावत नसे. आज तो ते घासत राहिला, चिंच संपली तरी.